तिसरा कोन

पनवेलच्या वन-बीएचकेधारकांनी 'बुकशेल्फ स्पीकर' मनावर घेतले, हे स्तुत्यच. या शास्त्राचा पहिला नियम असा, की बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फमध्ये ठेवायचा नाही; खर्ज घुमतो. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, ऐकणाऱ्यासह समभुज त्रिकोण. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, दिवाण, टीव्ही सांभाळून त्रिकोण आखला, की तिसरा कोन नेमका ओट्यापाशी निघतो. पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीला घरातला सर्वोत्तम स्टिरिओ! अजून काय हवं?

बीबीसीने १९७०च्या दशकात 'एलएस३/५ए' हा चिमुकला स्पीकर घडवला, तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी. आपल्या बिल्डरांची दूरदृष्टी पाहा, त्यांनी गाडीच्या मापाचे हॉलच बांधून दिले.

राहता राहिला स्पीकरमधला ट्विटर. तो बसलेल्याच्या कानाच्या पातळीत हवा, आणि चांगले स्टँड महाग. पण मराठी घर अशा वेळी डगमगत नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड शोकेसमध्ये होतेच. दोन्हीकडे सारखे रचले. उंची अचूक जमली. तेविसावा खंड उरला, तो सध्या दाराला लावला आहे.