एकात्मिक गळती व्यवस्थापन

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबाबत शास्त्र स्पष्ट आहे. कामगंध सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं समजावं आणि फवारणीला लागावं. पिकअपच्या पावर स्टेअरिंगच्या पाइपाबाबत मात्र असं काहीच ठरलेलं नाही. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तरी थेंब किती पडले म्हणजे मेस्त्रीकडे जावं याची शिफारस काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. ती उणीव आम्ही इथं भरून काढत आहोत. शिफारस वऱ्हाडातल्या जुन्या पिकअपपुरती आहे. नव्या गाडीवाल्यांनी वाचून ठेवून द्यावी, वेळ येईलच.

प्रथम ओळख. बोनेटखाली एक छोटा डबा असतो, त्यात बहुधा लाल तेल असतं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ते तेल दाबून स्टेअरिंगच्या पेटीकडे पाठवतो आणि काम आटोपलेलं तेल दुसऱ्या पाइपानं डब्यात परत येतं. जाणारा पाइप दाबाचा, येणारा रिटर्नचा. हा शोध अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरचा. त्यानं १९२६ मध्ये तो एका पिअर्स-ॲरो गाडीवर चालवून दाखवला, आणि विकत मिळणाऱ्या मोटारीत तो आला १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये. आपल्याकडच्या पिकअपवर यायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर आपल्याकडे ड्रायव्हरचे दंड हीच पावर होती आणि ती गळत नसे.

पुस्तकं सांगतात, रंगावरून गळती ओळखा: लाल ते स्टेअरिंगचं, काळं ते इंजिनचं, हिरवं ते रेडिएटरचं. ही पुस्तकं काळ्या मातीत लिहिलेली नाहीत. दर्यापूरच्या पांदण रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या की सगळी तेलं एकाच रंगाची होतात आणि पाइपावर बोटभर जाड थर बसतो. तो थर प्रथम डिझेलनं धुवावा, कोरडा पुसावा आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. (डबा घरातून विचारून आणावा. गळतीपेक्षा मोठे प्रसंग त्यावरून झालेले आहेत.) रात्री खाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी पावडर जिथं ओली, तिथं दोषी. बहुतेक वेळा तो दोनच ठिकाणी सापडतो: रिटर्नच्या पाइपाच्या क्लिपखाली, नाहीतर दाबाच्या पाइपात रबर आणि लोखंड जिथं प्रेस केलेलं असतं तिथं.

इथं थट्टा बाजूला ठेवतो. इंजिन चालू असताना बोट फिरवून भोक शोधू नये. भरल्या पिकअपच्या मागच्या टायरात पन्नास-साठ पौंड हवा असते. या पाइपात स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर दाब हजार पौंडांच्याही वर जातो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीतून आत शिरते. फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो, आणि मग बोट वाचवायला ऑपरेशन करावं लागतं. शोध पुठ्ठ्यानंच घ्यावा.

निदान झाल्यावर आपल्याकडे उपचार सुरू होत नाहीत, हंगाम सुरू होतो.

"काहून रे, तेल गयून राह्यलं ना तुह्या गाडीचं?"

"गयते थोडसं, काकाजी. सोयाबीन निघू द्या, मंग पाहू."

"मंग तं कापूस येते."

"मंग कापसानंतर."

कापसाच्या मागे तूर येते, तुरीच्या मागे हरभरा, आणि मोर्शी-वरुडकडचा माणूस असेल तर मृग बहाराची संत्री. ज्या दिवसांत हाती पैसा असतो त्या दिवसांत गाडी उभी ठेवता येत नाही. गाडी उभी राहते त्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, पैसा बियाण्यात गेलेला असतो. या कालावधीत मालक दर आठवड्याला तेलाची बाटली आणतो. वर्षाअखेरीस बाटल्यांचा हिशोब पाइपाच्या पुढे गेलेला असतो, पण तो कोणी मांडत नाही, कारण बाटली हा खर्च नव्हे. ती पानटपरीसारखी किरकोळात मोडते.

वळणावर स्टेअरिंग जड झालं, पंप गुरगुरू लागला, तेल पट्ट्यावर उडून पट्टा किंचाळू लागला, की पातळी ओलांडली असं समजावं. लोक यातलं एकही लक्षण मानत नाहीत. शिवाय रस्ताही त्यांच्या बाजूनं आहे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम दोहाचा होता, २५ किलोमीटरला दहा दिवस. हा पराक्रम गळक्या पाइपांच्या चांगलाच पथ्यावर पडला. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर स्टेअरिंगला जोर लागत नाही, म्हणून दाब वाढत नाही, म्हणून गळती मंदावते. बडनेऱ्याहून निघालेला मालक मूर्तिजापूरपर्यंत पाइप आपोआप बरा झाल्याच्या आनंदात असतो. मग कापसानं भरलेली गाडी जिनिंगच्या फाटकात वळवावी लागते आणि उरलेलं तेल फाटकाशीच सांडतं. गाडी तरीही वळते, कारण चाकाशी लोखंडी जोड शाबूत असतो, पण दंड पुन्हा १९२६ च्या आधी जातात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर हा प्रयोग आधी सपाटीवर करून घ्यावा.

यानंतर घरगुती उपचार. सायकलच्या ट्यूबची पट्टी रिटर्नच्या पाइपावर काही दिवस टिकते. एम-सील दाबाच्या पाइपावर पुढच्या वळणापर्यंत टिकतं. तेल संपलं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नये: त्यानं रबरी सील फुगतात आणि एका गळतीच्या चार होतात.

आता राहिला खरा उपाय, आणि तो इतका छोटा आहे की सांगायला संकोच वाटतो. रिटर्नचा पाइप असेल तर कडक झालेलं टोक कापून नवी क्लिप आवळावी, नाहीतर गरम तेलाला टिकणारा नवा पाइप घालावा. मोटारपंपाचा उरलेला तुकडा चालत नाही. दाबाचा असेल तर काढून जेसीबी-ट्रॅक्टरचे पाइप प्रेस करणाऱ्या दुकानात न्यावा. जुनी टोकं ठेवून मधे दुहेरी तारजाळीचा पाइप प्रेस करून मिळतो. टोकांचे तांब्याचे वायसर मात्र नवेच टाकावेत. मेस्त्री जुनेच तापवून बसवू म्हणेल, तेव्हा आपण खिशातून नवे काढावेत. बसवताना पाइप सायलेन्सरच्या पाइपाला चिकटू देऊ नये, गरम लोखंडावर पडलेलं तेल पेटतं.

डबा भरावा, पुढची चाकं जॅकवर उचलावीत आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावं. बुडबुडे वर येतील, तेल खाली जाईल, पुन्हा भरावं. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करावं आणि टोकाला नेऊन धरून ठेवू नये, पंप तापतो. जमलेल्या मंडळींपैकी एकजण धरून ठेवेलच. त्याला चहा आणायला पाठवावं.

दोन दिवसांनी खाली पुन्हा पुठ्ठा घालावा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ ठिपका दिसला तर तो ब्रेकचा असू शकतो. वरचं सगळं व्यवस्थापन त्याला लागू नाही. सोयाबीन शेतात असो की घरात, गाडी तिथंच उभी ठेवावी आणि मेस्त्रीला बोलावून आणावं.