‘फेरो’ चालवायला शिका

संस्कृतात ‘गम्’ चालवून ज्यांचा आत्मविश्वास वाढला असेल, त्यांनी लॅटिनच्या ‘फेरो’ला जरूर हात घालावा. वाढलेला भाग लगेच उतरतो.

प्रथम चार मूळ रूपे घोकावीत: फेरो, फेर्रे, तुली, लातुम. म्हणजे मी वाहून नेतो, वाहून नेणे, मी वाहून नेले, वाहून नेलेले. छपाईची चूक समजून प्रकाशकाला पत्र लिहू नये. ‘फेरो’ हा संस्कृत ‘भरति’चा चुलतभाऊ, ‘तुली’ आली ‘तुला’च्या घराण्यातून, ‘लातुम’ही तिकडचेच, तोंडचा ‘त’ गळाल्यामुळे ओळख पटत नाही इतकेच. हसू आल्यास ‘मी गेलो’मध्ये ‘जा’ कुठे आहे ते शोधावे. तोवर हसू ओसरते.

‘लातुस’ शब्दकोशात पाहताना सावध असावे. तिथे ‘रुंद’ हा अर्थ सापडतो, शेजारीच ‘कूस’ही सापडते, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नसल्या की तिन्ही शब्द सारखेच दिसतात. रणांगणातून वाहून नेलेला सैनिक भाषांतरात रुंद झालाच, तर तळटीप देऊन वेळ मारून न्यावी.

आता उपसर्ग. ‘औफेरो’ म्हणजे दूर नेतो. पुढे अब्स्तुली, अब्लातुम. आपल्या पंचमीसारखी लॅटिनची विभक्ती ‘अब्लेटिव्ह’ नाव इथूनच घेते. बँकेतले ट्रान्सफर आणि पुस्तकाचे ट्रान्सलेशन हीसुद्धा याच क्रियापदाची दोन तोंडे. पहिल्यात पैसे पोहोचतात. दुसऱ्यात अर्थ पोहोचतो असे मानण्याची पद्धत आहे.

‘तुली’ ज्याच्या घरची, तो ‘तोल्लो’ (उचलतो) मात्र स्वतःच्या भूतकाळाला मुकला. त्याला ‘सुस्तुली, सुब्लातुम’ ही रूपे ‘फेरो’च्याच एका जोडक्रियापदाकडून हातउसनी आणावी लागली. घरचीच वस्तू, उपसर्गाच्या व्याजासकट.

शिवाय ‘तोल्लो’ म्हणजे वर चढवणे, आणि वाटेतून काढून टाकणेही. इ.स.पू. 43मध्ये सिसेरोने तरुण ऑक्टेव्हियनची स्तुती करावी, मानमरातब द्यावा, असे म्हणून तिसरे क्रियापद हेच वापरल्याचे ऑक्टेव्हियनच्या कानी गेले. त्याने व्याकरण नीट केले असावे. वर्षअखेरीस ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस यांच्या मृत्युयादीत सिसेरोचे नाव होते. डिसेंबरात त्याचा वध झाला.

शिकाऊंनी ‘तोल्लो’चा सराव पोती, पाट्या आणि ट्रंका यांच्यावरच करावा. सत्ताधाऱ्यांसाठी दुसरे एखादे नियमित क्रियापद निवडावे.