उपदेश घेतल्यानंतर गावात कसं राहावं : नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही महानुभाव पंथाचा उपदेश घेतलात. पांचाळेश्वरला गोदावरीच्या पात्रातल्या आत्मतीर्थावर डोकं टेकवून आलात, मटण-दारू सोडलीत आणि आता भेटेल त्याला ‘दंडवत प्रणाम’ घालता आहात. इथवर सोपं होतं. खरी साधना गेवराईच्या स्टँडवर उतरल्यावर सुरू होते, कारण मोक्षाची सोय झाली असली तरी राहायचं गावातच आहे.

आधी आपलं तत्त्वज्ञान चोख पाठ करून ठेवा, म्हणजे ते कुणीच विचारत नाही याचं दुःख नीट होईल. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आणि नित्य. देवता आहेत, आपापल्या परीनं फळही देतात, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच. त्याचे अवतार पाच : श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. एवढी तयारी करून पारावर जावं, तर प्रश्न येतो, “का बप्पा, औंदा कंदुरीला येणार न्हाईस म्हणं?”

गावाचं दुखणं इथं आहे. तुमच्या मनात काय चाललंय याचं गावाला काही सोयरसुतक नसतं. चारचौघांत ‘देवबीव काही नसतं’ म्हणणारे मास्तर सप्त्याच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसतात, त्यांना कुणी बोलत नाही. ते जेवतात ना! तुम्ही देव मानता, पहाटे उठून नामस्मरण करता, पण समोर आलेला द्रोण घेत नाही. मास्तर खपतात. तुम्ही खपत नाही.

तेव्हा सरावाला सत्यनारायणापासून सुरुवात करा. शेजारच्या काकू द्रोण घेऊन येतात. वर तुळशीचं पान, केळ्याचे काप घातलेला शिरा, तुपानं द्रोणाची कड ओली झालेली. तुम्ही हात जोडता, पुढे करत नाही. काकूंचा चेहरा उतरतो, आणि तो रागानं उतरला असं समजू नका. त्यांनी नुकतीच पोथी ऐकलेली आहे. कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद विसरली तर नवऱ्याची नाव बुडाली. तुंगध्वज राजानं गवळ्यांचा प्रसाद घेतला नाही तर मुलं गेली, राज्य गेलं. ती तर बिचारी एक विसरभोळी आणि एक गर्विष्ठ. तुम्ही शुद्धीवर राहून, ठरवून नाकारताय. काकूंना तुमची काळजी वाटते, आणि काळजीपुढे शास्त्र चालत नाही.

नवशिके इथं थापा मारतात. ‘उपवास आहे’ म्हटलं की ‘आज कसला?’ येतं. ‘शुगर आहे’ ही थाप जास्त टिकते, पण मग तीर्थ पुढे येतं, आणि पळीभर तीर्थाला शुगरची सबब चालत नाही. त्यापेक्षा सरळ सांगावं, “काकू, आम्ही उपदेशी. हात जोडले, आता चहा करा, आलं जास्त घाला.” चहा दोनदा मागून घ्यावा. ‘देवता मोक्ष देत नाहीत’ हे वाक्य चहा संपल्यावरही बोलू नये.

यानंतरची पायरी म्हणजे बोअर. यंदा पाऊस रुसला आणि शिवारातले सगळे बोअर आटले, तर लोकांचे आटतात ते दुष्काळानं. तुमचा आटतो तो खंडोबा सोडला म्हणून. म्हैस गाभण राहिली नाही, पोराचं लग्न जमेना, मोटर जळाली, सगळ्याचं मूळ उपदेशात निघतं. मेव्हणा म्हणेल, “दाजी, साडेसाती दिसतीय, राक्षसभुवनला तेल वाहून या.” शनीचं राक्षसभुवन तुमच्याच तालुक्यात, गोदाकाठालाच, त्यामुळं लांब पडतं असंही म्हणता येत नाही. आणि समजा पुढच्या वर्षी तुमच्या बोअरला तीन इंची पाणी लागलं, तर ते शेजाऱ्याच्या पुण्याईनं लागलेलं असेल. वाद घालू नका, शेजाऱ्याला पाइप जोडू द्या.

निंदा मनाला लागली तर ती किती जुनी आहे ते आठवावं. पंथाची परंपरा चक्रधरांच्या छळाचा ठपका यादवांचा प्रधान हेमाद्री पंडितावर ठेवते. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा एक आख्खा खंड आहे. एवढी व्रतं ज्यानं जमवली, त्याला एकही व्रत न करणारा शेजारी कसा परवडावा? पुढे ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हणच पडली. कसाबाचं आणि मानभावाचं, दोघांचंही नाव एका दमात खराब करणारी अशी काटकसरी म्हण दुसरी सापडायची नाही.

पंथानंही थोडी मदत केली, हे मान्य करायला हवं. पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि शतकानुशतकं बाहेरच्याला वाचता आल्या नाहीत. जे वाचता येत नाही त्यात काहीतरी वाईटच असणार, असं लोकांनी धरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे या संशोधकांनी उलगडा केला तेव्हा आत निघालं काय, तर मराठी. म्हाइंभटाच्या लीळाचरित्राला आज आद्य गद्यग्रंथ मानतात आणि शासनानं मराठी भाषा विद्यापीठ काढलं ते पंथाच्या रिद्धपूरलाच. पारावर तुम्हाला ‘मानभाव’ म्हणून चिडवणाऱ्याचा पोरगा नेट-सेटसाठी लीळाचरित्रच पाठ करत बसलेला असतो. त्याला नोट्स द्या. उपयोग होतो. तात्पर्य, काही लपवू नका. पारायण दार उघडं ठेवून करा.

आपणच एकटे, असं वाटलं तर आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याकडे बघावं. शेख महंमद तिथले. मुसलमान घरात जन्मून विठ्ठलभक्ती केली, ‘योगसंग्राम’ लिहिला. दोन्हीकडच्यांना उत्तर देत बसायचं म्हणजे काय, ते त्यांना विचारायला हवं होतं. तुम्हाला निदान एकाच बाजूची बोलणी आहेत.

आता एक बाब, जी पुरुष नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. उपदेश घेतो नवरा, उत्तरं देते बायको. घट का बसवला नाही, लग्नानंतर गोंधळ का घातला नाही, कुळाचार कुणी बुडवला, हे सगळं सासू आणि नणंदा तिलाच विचारतात. तुम्ही पारावर ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून सुटता, ती भांडी घासताना ऐकते. तेव्हा पुढच्या नवरात्रात आई फोन करील तेव्हा फोन तुम्ही उचला. याला साधनेत धरायला हरकत नाही.

वर्गणी मागितली तर द्या, पावती घ्या. पैशाला नैवेद्य दाखवलेला नसतो. कुणी वाळीत टाकायची भाषा केली तर 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो पारावर एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा, शक्यतो सरपंच बसलेले असताना.

आणि एका संध्याकाळी सर्वांत जास्त हसणारे मामा येतील. आधी पाऊसपाणी, मग भाव, मग खुर्ची जवळ ओढून, “पोरीच्या अंगात येतंय रे. तुमच्या त्या महंतांना दाखवावं का?” इथं नवशिके मागचा हिशेब काढतात. काढू नका. आधी दवाखान्याचं नाव सांगा, मग पांचाळेश्वरची गाडी कितीला आहे ते सांगा. मामींना आत बोलवा, चहा टाका, आणि सकाळच्या उपहाराचा प्रसाद वाटीत घालून दोघांच्या पुढे ठेवा. मामा वाटीकडे बघतील, मग मामींकडे बघतील, आणि म्हणतील, “शुगर हाय रं मला.”