हयातीचा दाखला

सत्य घटनेवर बेतलेल्या चित्रपटाचे परीक्षण करावयास बसणाऱ्या लेखकाकडून वाचकांची सर्वसाधारण अपेक्षा अशी असते की, त्याने बखरी धुंडाळाव्यात, शकावल्या पडताळाव्यात आणि पडद्यावरील प्रसंगांपैकी किती घडलेले व किती घडवलेले याचा जमाखर्च मांडावा. परंतु इतक्या परिश्रमांचे वस्तुतः काही प्रयोजन नाही. कारण अशा चित्रपटातील सत्याचे प्रमाण इतिहासावरून ठरत नसून, ज्याची कथा सांगितली जाते तो इसम हयात आहे किंवा कसे, आणि हयात असल्यास वकील देण्याची त्याची ऐपत आहे किंवा कसे, या दोनच बाबींवरून ठरते.

या शास्त्राचा पाया 1934 साली लंडनच्या न्यायालयात घातला गेला. त्यापूर्वी दोन वर्षे मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने रासपुतिनवर चित्रपट काढला आणि, प्रेक्षकांच्या मनात किंतु राहू नये म्हणून, यातील काही पात्रे अद्याप जिवंत असल्याचे आरंभीच पाटीवर जाहीर केले. रासपुतिनचा खून करणारा पडद्यावरील राजपुत्र हा उघडउघड फेलिक्स युसुपोव्ह यांच्यावरून बेतलेला असल्यामुळे फिर्याद वास्तविक त्यांनी करावयाची. पण अडचण अशी की, तो खून आपल्या हातून झाल्याचे त्यांनी स्वतःच ग्रंथ लिहून जगजाहीर केले होते, आणि स्वहस्ते केलेल्या व स्वहस्ते लिहिलेल्या खुनापायी अब्रूनुकसानीची भरपाई मिळावी इतकी प्रगती विधिशास्त्राने अजून केलेली नाही. तेव्हा फिर्याद गुदरली ती त्यांच्या पत्नीने, झारची भाची इरिना हिने. चित्रपटातील राजकन्या नताशा म्हणजे आपणच, आणि रासपुतिनने तिला भ्रष्ट केल्याचे सूचित करून कंपनीने आपली बेअब्रू केली, असे तिचे म्हणणे होते. पंचवीस हजार पौंडांचा हुकूमनामा झाला, तो अपिलातही कायम राहिला, आणि सर्व पात्रे काल्पनिक असल्याचा खुलासा चित्रसृष्टीत असा रूढ झाला की लग्नपत्रिकेवरच्या गणपतीलाही त्याचा हेवा वाटावा.

कोएन बंधूंनी 'फार्गो'मध्ये (1996) याच्याही पुढची मजल गाठली. कथा सत्य असल्याचे त्यांनी प्रारंभी बजावले आणि पात्रे काल्पनिक असल्याचे श्रेयनामावलीच्या तळाशी कबूल केले. मधल्या दीड तासात कोणता पक्ष धरावा, हे प्रेक्षकाच्या मर्जीवर सोपवले.

आपल्याकडे इतका खटाटोप करावा लागत नाही. थोरले बाजीराव 1740 साली नर्मदाकाठी रावेरखेडीस ज्वराने निवर्तले. इतक्या जुन्या असामींच्या वतीने मुखत्यारपत्र घेऊन कोण उभा राहणार? त्यामुळे पायाच्या दुखण्याने गांजलेल्या काशीबाईंना 2015 साली 'बाजीराव मस्तानी'मध्ये सवतीच्या जोडीने पिंगा घालावा लागला. (पिंगा पाहावयास सुरेख होता, हे परीक्षकाच्या इमानाने नमूद करतो.) पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, परंतु चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवर आधारलेला असल्यामुळे, इतिहासाचा दाखला मागणाऱ्यास कादंबरीकडे आणि कादंबरीचा दाखला मागणाऱ्यास कलावंताच्या स्वातंत्र्याकडे रवाना करण्याची उत्तम तजवीज आधीच झालेली होती. इरिनाबाईंना लंडनचे न्यायालय तरी होते.

सबब, यापुढे या सदराकडे पास धाडणाऱ्या निर्मात्यांनी सोबत नायकाच्या हयातीचा दाखला आणि आपल्या वकिलाचा लेखी अभिप्राय जोडावा. नायक मयत असल्यास त्याला किती गाणी म्हणावी लागली, एवढीच नोंद येथे घेतली जाईल.