दलबदलू

लष्कर सोडून मी नौदलात गेलो ते निव्वळ कपड्यांसाठी. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत असंच टाकून देतो आणि समोरच्याच्या भुवया वर गेल्या की दोन घास निवांत खातो. ‘एनसीसीच्या’ हा शब्द ताकापर्यंत लांबवता येतो. बायको शेजारी असेल तर वरण वाढायच्या आधीच येतो.

खाकीशी माझं भांडण नव्हतं. पण ती स्टोअरमधून मिळायची, आणि स्टोअरवाल्याच्या मते राज्यातल्या तमाम पोरांची कंबर एकाच मापाची होती. त्या शर्टात मी आणि आणखी एक कॅडेट सहज सावधान उभे राहिलो असतो. मी बेल्टच्या पितळेला ब्रासो घासून घासून त्यात तोंड पाहायचो. दिसायचं ते तोंडही खाकीच. अशात एका संचलनाला नेव्हल विंगची पोरं आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. पांढरीशुभ्र! मुलींच्या तुकडीने ‘दाहिने देख’चा हुकूम सुटायच्या आधीच माना वळवल्या, अशी माझी आजही समजूत आहे. लगेच अर्ज केला. लान्स कॉर्पोरलची फीत उतरवून पुन्हा साधा कॅडेट व्हायची तयारी दाखवली. एवढा त्याग मी पुढे कशासाठीच केला नाही.

प्रश्न आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांचा होता. हवालदार, मराठा लाइट इन्फंट्रीचे, माण तालुक्यातले. त्यांना सांगायला जाताना मी कान्होजी आंग्रे, आरमार, सातशे वीस किलोमीटरचा किनारा असं बरंच काही पाठ करून नेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पांढरी कापडं धुनार कोन? आई न्हवं?”

आईच धुवायची. चाळीतल्या मोरीत, नीळ आणि खळ घालून. खळ इतकी कडक की विजार माझ्याआधी उभी राहायची.

नौदलात मला समुद्राने फार त्रास दिला नाही. व्हेलर नावाच्या बोटीत वल्हं मारायला बसवलं, सकाळचे पोहे अरबी समुद्राला अर्पण केले, संपलं. त्रास दिला तो सॅल्यूटने. लष्कराचा सॅल्यूट म्हणजे तळवा समोरच्याला उघडा दिसला पाहिजे. नौदलाचा म्हणजे तळवा जमिनीकडे, समोरच्याला फक्त हाताची कड. ऐकायला सोपं आहे. पण उस्तादांनी माझ्या मनगटात लष्कर असं काही ठोकून बसवलं होतं की डोकं नौदलात गेलं तरी मनगट बदलीचा हुकूम मानेना. हात वर जाताना लष्करी निघायचा, कपाळाजवळ मला आठवण व्हायची, आणि तळवा निम्म्या वाटेत अडकायचा. ना पुढे, ना खाली. मी आरशासमोर सराव करायचो. आरशात डावं-उजवं उलटं दिसत असल्याने गोंधळ दुप्पट व्हायचा. शेजारचे काका गॅलरीतून जाताना रोज उलट सॅल्यूट ठोकायचे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या त्या अधांतरी तळव्याकडे पाहिलं आणि कुठे जायचंय, असं इंग्रजीत विचारलं. पुढे २००६ साली भारतीय हवाई दलाने आपला सॅल्यूट बदलला आणि तळवा ४५ अंशांवर आणला. म्हणजे हुबेहूब माझा! हा सॅल्यूट मी वीसेक वर्षं आधी दादरच्या चाळीत सिद्ध केला होता. हवाई दलाने अद्याप दखल घेतलेली नाही.

या बाबतीत खरा अधिकार कर्नल पृथीपालसिंग गिल यांचा. आधी हवाई दलात वैमानिक, मग नौदलात सुरुंग काढणाऱ्या जहाजावर, मग लष्कराच्या तोफखान्यात. १९६५च्या युद्धातही होते. २०२०च्या डिसेंबरात त्यांनी शंभरी गाठली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. त्यांच्या मनगटाची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

उस्ताद स्वतः पलटणीतून आमच्याकडे आले ते हौसेने नव्हे. बर्फात पायाची बोटं गेली होती, वैद्यकीय श्रेणी खाली आली होती. सासुरवाशीण ‘माहेर’ म्हणते तसं ते ‘पलटण’ म्हणायचे. तिसरी मराठा पलटण १९५२ साली अख्खीच्या अख्खी पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, २ पॅरा झाली, १९७१ला टांगाईलवर उतरली, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. “दल बदललं, पर कंसात मराठा ठिवलंच त्यांनी,” असं म्हणून थांबायचे. आता आमच्या सोसायटीत कोणी चहा पिता पिता कुठलं दल भारी याचा निकाल लावू लागलं की मला राग येतो. कपडे बघून दल बदलणारा मी तिथे हजर असतो, आणि ज्याचं दल त्याच्या पायांनी बदललं तो नसतो, म्हणून असेल.

एकदा परेड संपल्यावर ते आमच्या बाजूला आले. हातात समोसा होता, आमच्या रिफ्रेशमेंटमधलाच. “दर्या आतनं कसा असतो रं?” त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं. ते कधी होडीत बसले नव्हते. मग काय! व्हेलरमध्ये ओकलेल्या माणसाने त्यांना लाटा, वारा, भरती, ओहोटी, सगळं समजावलं. दिशा तेवढ्या चुकल्या असतील. ते शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते, त्यामुळे मला थांबवेना. शेवटी म्हणाले, “बरं, सॅल्यूट कर बघू तुमचा.”

मी केला. बहुधा भीतीनेच त्या दिवशी तळवा नीट खाली गेला.

“हात का झाकलास?”

मी ऐटीत डांबराची गोष्ट सांगितली. पूर्वी शिडाच्या जहाजांवर दोरखंडांना डांबर असायचं, खलाशांचे तळवे काळे व्हायचे, आणि ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून नौदलात हात असा पालथा धरतात, अशी आख्यायिका आहे, वगैरे.

उस्तादांनी समोशाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात पँटला पुसले आणि म्हणाले, “मग हात धुऊन यायचं की!”