पबमध्ये फक्त बिअरच मोजायची?

ब्रिटनच्या बिअरप्रेमींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. पबचं परीक्षण लिहिताना ‘बटाटे गार होते’, ‘बारमागच्या पोराने दहा मिनिटं मान वर केली नाही’ असल्या तक्रारी लिहाव्यात का? कट्टर मंडळी म्हणतात, अजिबात नाही. पब बिअरसाठी असतो, जेवणाची रडगाणी हॉटेलांच्या परीक्षणात गा. हे मला साफ नामंजूर आहे.

कट्टरांचा मुद्दा कुठून आला ते समजून घ्यायला हवं. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या बड्या ब्रुअरी पिंपातली जिवंत एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, बाजूला सारून गाळलेली, गॅस भरलेली बिअर लोकांच्या गळी उतरवत होत्या. त्याविरुद्ध १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही संघटना काढली आणि खरी एल वाचवली. त्यांचे ऋण मोठे आहे. आजही कॅमराचे सभासद पबमधल्या बिअरला शून्य ते पाच असे गुण देतात, आणि ते गुण फक्त पेल्यातल्या बिअरचे असतात. तसेच असावेत. पण गुणांचा तक्ता म्हणजे परीक्षण नव्हे. शिवाय कॅमराच्याच १९७४च्या पहिल्या ‘गुड बिअर गाइड’मध्ये वॉटनी या बड्या कंपनीबद्दल इतके जहाल शब्द होते की ते बदलावे लागले. तक्रारीतून जन्मलेल्या चळवळीच्या वारसांनी इतरांच्या तक्रारींना दार लावू नये.

आणि बिअर व सेवा वेगळ्या काढणार कशा? कास्क एल, म्हणजे हीच पिंपातली एल, पिंपात शिरल्यावरही आंबत असते. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवावं लागतं, नळ्या दर आठवड्याला धुवाव्या लागतात, आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. बारवर तुसडेपणा असेल तर गिऱ्हाईक तुटतं. गिऱ्हाईक तुटलं की पिंप रेंगाळतं, त्यात हवा शिरते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पेल्यात आंबट पाणी पडतं. म्हणजे ‘बिअर वाईट’ आणि ‘वागणूक वाईट’ या दोन ओळींमागे बहुतेकदा एकच पबचालक उभा असतो. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. फेस जास्त आला म्हणून पेला पुढे केला, तर तो वर भरून मिळतो की कपाळावर आठी मिळते? हे बिअरच्या रकान्यात लिहायचं की सेवेच्या?

लेखक जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबचं वर्णन केलं. त्याने दहा गुण मोजले. त्यात पिंपातली स्टाउट आहे, मूठ असलेला पेला आहे. पण बहुतेक जागा इतर गोष्टींना आहे. बारमागच्या बायका गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. काउंटरवर लिव्हर सॉसेजची सँडविचेस, शिंपले, चीज, लोणची मिळतात. दुपारी वरच्या मजल्यावर पोटभर जेवण मिळतं. ऑर्वेलला बिअर कळत नव्हती असं कोणी म्हणणार असेल तर म्हणो. त्याने जेवण मोजलं, माणसं मोजली. आपणही मोजावीत.

जेवणाचं तर आता बोलायलाच नको. लंडनच्या फॅरिंग्डन भागात १९९१ साली ‘द ईगल’ने गॅस्ट्रोपबची, म्हणजे उत्तम जेवण देणाऱ्या पबची, वाट दाखवली. १ जुलै २००७ला इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आली आणि असंख्य पबांनी स्वयंपाकघराचा आधार घेतला. मार्लोच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ला तर दोन मिशेलिन तारे मिळाले. आज फळ्यावर रविवारच्या रोस्टची जाहिरात करून गिऱ्हाइकाला आत बोलावायचं, त्याचे दणकून पैसे घ्यायचे, आणि मांस चामड्यासारखं निघालं की ‘आम्ही मुळात पब’ म्हणून हात झटकायचे, हे चालणार नाही. जे विकलं, ते परीक्षणात येणार. फक्त लिहिणाऱ्याने एक चौकशी करावी. पुष्कळ पबांत स्वयंपाकघर दुसऱ्याच कोणाला चालवायला दिलेलं असतं. तसं असेल तर तसं लिहावं, म्हणजे नीट बिअर राखणाऱ्या माणसाच्या माथी दुसऱ्याच्या बटाट्यांचं पाप जात नाही.

सेवेचा मुद्दा मला जेवणाहून फार मोठा वाटतो. त्याचं कारण बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये आहे. साठच्या दशकात तिथल्या ओतशाळांत राबणाऱ्या भारतीय कामगारांना अनेक पबांत ठरावीक खोलीबाहेर दारू मिळत नसे. चांगल्या खोलीत बसायला गेलं की सरळ नकार. बिअर तीच, पिंप तेच, तळघर तेच! अवतारसिंग जोहल आणि त्यांच्या ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ने गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पब पालथे घातले, कुठे कोणाला नाकारलं याचे पुरावे जमवले आणि त्या पबांच्या परवान्यांना आव्हान दिलं. १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स स्मेथविकला आला, तेव्हा ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये त्यालाही हाच अनुभव आला. त्याच वर्षाअखेर ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा झाला आणि पबमधला असा नकार बेकायदा ठरला. फक्त पेल्यातली चव लिहा, बाकी गप्प बसा, हा नियम त्या काळी पाळला असता तर त्या पबांना पाचपैकी पाच मिळाले असते. आज त्याच पट्ट्यात पंजाबी मालकांचे देसी पब आहेत. शेगडीवरचं मिक्स्ड ग्रिल हीच त्यांची ओळख. त्या पबांबद्दल लिहिताना जेवण वगळलं तर उरतं काय?

चुकीच्या तक्रारीही पुष्कळ असतात, आणि त्या मला तितक्याच खटकतात. आपल्याकडची बरीच मंडळी लंडनला जातात, पबमध्ये टेबल धरून बसतात, कोणी विचारायला येत नाही म्हणून चिडतात आणि एक तारा ठोकून मोकळी होतात. तिथल्या साध्या पबमध्ये आपण उठून बारवर जायचं असतं. रांग दिसत नाही, पण असते. आधी कोण आलं हे चांगला बारमन डोक्यात धरतो. नोट हलवून त्याला हाका मारणं हा तिथे उद्धटपणा समजतात. ही रीत माहीत करून न घेता लिहिलेली तक्रार अन्याय करते, आणि छोट्या गावातल्या एकट्या पबला असा एक तारा महागात पडतो.

पिंट आंबट लागली तर आधी ती बारवर परत न्या. भल्या पबमध्ये ती वाद न घालता बदलून मिळते. बदलून दिली तर तेही लिहा. नाही दिली, तर वार लिहा, वेळ लिहा, कोणत्या हँडपंपची एल होती ते लिहा, तुम्ही काय सांगितलंत आणि समोरून काय उत्तर आलं ते लिहा. रोस्ट गार होतं तर गार लिहा. एखाद्याला रंगावरून, बोलण्यावरून ताटकळत ठेवलेलं दिसलं, तर तुमच्या परीक्षणाची पहिली ओळ तीच असू द्या. बिअरची ओळ तिच्यानंतर.