उत्तरनिष्ठ

शास्त्रशाखेच्या प्रत्येक वर्गात, आणि वसतिगृहाच्या तर प्रत्येक मजल्यावर, असा एक विद्यार्थी असतोच, की जो उष्मागतिकीचे उदाहरण पुरते वाचण्यापूर्वीच पुस्तकाची शेवटची पाने उघडतो, तेथील उत्तर वहीच्या तळाशी सुवाच्य अक्षरात उतरवतो आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढून निश्चिंत होतो. वरची कोरी जागा भरण्याचे काम मग तो, मुरब्बी कारकुनाने आधी ठरलेल्या शिलकेला साजेसा जमाखर्च मांडावा तसे, सावकाश व रीतसर पार पाडतो. यास आम्ही उत्तरनिष्ठ म्हणतो.

27 अंश सेल्सिअसचा एक मोल आदर्श वायू समतापी प्रसरणाने दुप्पट झाला, तर त्याने कार्य किती केले? सरळमार्गी मुलगा 27 मध्ये 273 मिळवून 300 करतो, त्यास 8.314 ने व 0.693 ने गुणतो आणि सुमारे 1729 ज्यूलवर येऊन झोपी जातो. उत्तरनिष्ठाला 273 चे विस्मरण झालेले असल्यामुळे त्याचा पहिला हिशेब 155.6 वर अडतो. म्हणून तो मुळीच खचत नाही. छापील आकड्याला आपल्या आकड्याने भागून आलेल्या 11.1 ची तो तासभर कसून तपासणी करतो, आणि 300 भागिले 27 म्हणजेच ही रक्कम, असा साक्षात्कार झाल्यावर ‘तापमानाची योग्य ती दुरुस्ती करता’ एवढा मजकूर मध्ये घालून दोन रेघांपर्यंत सुखरूप पोहोचतो. शोधबुद्धी त्याच्यापाशी नाही असे म्हणण्याची आमची छाती नाही. ती तो नको त्या ठिकाणी खर्च करतो, एवढेच.

चिन्हांच्या बाबतीत त्याचे धोरण उदार असते. वायूने केलेले कार्य धन मानणारे पदार्थविज्ञानाचे पुस्तक आणि वायूवर केलेले कार्य धन मानणारे रसायनाचे पुस्तक, ही दोन्ही त्याच्या मेजावर गुण्यागोविंदाने नांदतात. आज कोणत्या पंथाची दीक्षा घ्यावयाची, हे उत्तरामागील उणे पाहून ठरते. 2.303, 1.4 आणि 4.2 हे गुणक तर त्याच्या तैनातीत कायम हजर. त्यांतील 4.2 चे आम्हास विशेष वाईट वाटते. मद्य गाळणाऱ्या घराण्यातील जेम्स ज्यूलने 1840 च्या दशकात, वजने खाली सोडून पाण्यात वल्ह्यांचे चक्र फिरवावे आणि अंशाच्या अल्पशा भागाने वाढणारे तापमान मोजावे, असा खटाटोप वर्षानुवर्षे करून कार्य व उष्णता यांचा विनिमयदर निश्चित केला. त्या दराने गुणावे की भागावे, हे आमचा उत्तरनिष्ठ निकाल पाहून एका क्षणात ठरवतो!

त्याच्या कर्तृत्वाचा कळस मात्र छपाईच्या चुकीने गाठला. 127 अंशांच्या साठ्यातून उष्णता घेऊन 27 अंशांच्या साठ्यात सोडणाऱ्या कार्नोच्या यंत्राची कार्यक्षमता विचारली होती. 300 भागिले 400 हे एकातून वजा केले की शेकडा 25 येतात, त्यात वादाला जागाच नाही. परंतु जुळाऱ्याच्या कृपेने पुस्तकात 52 पडले होते. हुशार मुलांनी ते उदाहरण सात वेळा केले, खाणावळीत आमटी निवेपर्यंत हुज्जत घातली आणि अखेर प्राध्यापकांच्या दारी फिर्याद गुदरली. उत्तरनिष्ठाकडे 52 संध्याकाळीच सिद्ध झाले होते. त्याने 25 ला 4.2 ने गुणले, साठे दोन असल्यामुळे दोहोंनी भागले, आणि आलेल्या 52.5 पैकी अर्धा टक्का घर्षणात खर्ची पडल्याची नोंद समासात केली. कार्यक्षमता हे निव्वळ गुणोत्तर असून त्याला ज्यूलही नसतो आणि कॅलरीही नसते, ही क्षुल्लक हरकत त्याच्या गावीही नव्हती. शुद्धिपत्र आले, तेव्हा त्याने तितक्याच निर्विकारपणे 25 सिद्ध करून दिले.

तेव्हा परीक्षक महाशयांना नम्र विनंती, की शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण करण्यापूर्वी समासावरही एक नजर टाकावी, आणि तेथे घर्षण आढळल्यास गुण कापावेत. कार्नोच्या यंत्रात घर्षण मुळी नसतेच.